जुन्या मोटारगाडीचा जीर्णोद्धार

जुन्या मोटारगाडीचा जीर्णोद्धार म्हणजे मोडकळीस आलेली किंवा दीर्घकाळ बंद पडून राहिलेली जुनी मोटारगाडी, तिच्या मूळ बांधणीशी शक्य तितके प्रामाणिक राहून, पुन्हा चालती करण्याचे काम होय. यात यंत्रदुरुस्ती, पत्राकाम, रंगकाम, विद्युत जोडणी, बैठकांचे शिवणकाम आणि ऐतिहासिक माहितीचा शोध अशा अनेक कौशल्यांचा समावेश होतो. व्यावसायिक कार्यशाळांप्रमाणेच हौशी व्यक्तीही हे काम घरच्या घरी करतात. मात्र हौशी व्यक्तीने हाती घेतलेली पहिली गाडी पुष्कळदा अर्धवट राहते. याचे कारण बहुधा तांत्रिक अडचण हे नसते. चुकीच्या गाडीची निवड, कागदपत्रांकडे झालेले दुर्लक्ष आणि नोंदी न ठेवता एकाच वेळी सोडवलेली संपूर्ण गाडी ही त्याची नेहमीची कारणे होत. त्यामुळे पहिल्या जीर्णोद्धारात प्रत्यक्ष कामाइतकेच महत्त्व पूर्वतयारीला दिले जाते.

संज्ञा आणि कालखंड

जुन्या गाड्यांसाठी ‘अँटिक’, ‘व्हिंटेज’, ‘क्लासिक’ असे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु संस्था आणि देश यांनुसार त्यांचे अर्थ भिन्न आहेत. ब्रिटनमधील व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब या १९३४ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या परंपरेत १९१९ ते १९३० या काळात तयार झालेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणतात. त्यापूर्वीच्या १९०५ ते १९१८ या काळातील गाड्या ‘एडवर्डियन’, तर त्याहून जुन्या गाड्या ‘व्हेटरन’ मानल्या जातात. अमेरिकेतील अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका ही १९३५ साली स्थापन झालेली संस्था २५ वर्षांहून जुन्या गाडीला ‘अँटिक’ मानते. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या (फिवा, स्थापना १९६६) व्याख्येनुसार ऐतिहासिक वाहन किमान ३० वर्षांचे असावे, इतिहासाशी सुसंगत अवस्थेत जतन केलेले असावे आणि दैनंदिन प्रवासाचे साधन म्हणून वापरात नसावे. भारतात मोटार वाहन नियमांच्या दृष्टीने ‘व्हिंटेज’ ठरण्यासाठी वाहनाच्या पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात.

जतन, डागडुजी आणि जीर्णोद्धार

काम सुरू करण्यापूर्वी गाडीला नेमके कोणत्या अवस्थेत न्यायचे आहे हे ठरवावे लागते. ढोबळमानाने तीन मार्ग संभवतात. पहिला मार्ग जतनाचा. यात मूळ रंग, मूळ बैठका आणि वापराच्या खुणा तशाच ठेवून केवळ झीज थांबवली जाते. दुसरा डागडुजीचा. यात गाडी सुरक्षितपणे चालण्यापुरते नादुरुस्त भाग दुरुस्त करतात. तिसरा संपूर्ण जीर्णोद्धाराचा. यात गाडी पूर्णपणे सुटी करून प्रत्येक भाग मूळ स्थितीत आणला जातो.

‘फिवा’ने २०१२ साली स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत जतनाला प्राधान्य देण्यात आले आहे. प्राचीन वास्तूंच्या संवर्धनासाठी १९६४ साली तयार झालेल्या व्हेनिस सनदेचा आदर्श तिच्यासमोर होता. मंदिराचा जुना दगड घासून नवा केल्यास त्यावरील हत्यारांच्या खुणा नाहीशा होतात. त्याचप्रमाणे गाडीचा मूळ रंग खरवडला की कारखान्यातील रंगाची छटा, थर आणि हाताने ओढलेल्या रेषा यांचा पुरावा कायमचा नष्ट होतो. रंग पुन्हा कितीही वेळा देता येतो, मात्र मूळ रंग एकदाच असतो. म्हणून पहिल्यांदा काम करणाऱ्याने डागडुजीपासून आरंभ करणे आणि परत न फिरवता येणारे निर्णय शक्य तितके लांबणीवर टाकणे इष्ट समजले जाते.

पहिल्या गाडीची निवड

पहिल्या जीर्णोद्धारासाठी दुर्मीळ गाडीपेक्षा मोठ्या संख्येने तयार झालेली, साध्या रचनेची गाडी सोयीची ठरते. अशा गाडीचे सुटे भाग मिळतात, तिची माहितीपुस्तके उपलब्ध असतात आणि तिच्यावर काम केलेले कारागीर भेटतात. अमेरिकेत या कारणासाठी फोर्ड कंपनीचे मॉडेल टी (१९०८–१९२७) आणि मॉडेल ए (१९२८–१९३१) लोकप्रिय आहेत. पहिल्या प्रकारच्या सुमारे दीड कोटी, तर दुसऱ्या प्रकारच्या सुमारे ४८ लाख गाड्या तयार झाल्या. त्यांचे अनेक भाग आजही नव्याने बनवले जातात. भारतात हेच स्थान फियाट ११००, तिच्यापासून विकसित झालेली प्रीमियर पद्मिनी, हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसेडर आणि विलीज पद्धतीची जीप यांना आहे.

निवड करताना गाडी चालू आहे की बंद यापेक्षा ती पूर्ण आहे की अपुरी याला अधिक महत्त्व द्यावे लागते. बंद पडलेले इंजिन दुरुस्त करता येते. परंतु हरवलेली पुढील जाळी, दिव्यांच्या कड्या, दारांच्या मुठी, नामचिन्हे आणि वळणदार काचा मिळवण्यात कित्येक वर्षे जातात. खर्चाचा मोठा वाटा सामान्यतः पत्राकाम, रंग आणि क्रोमचा मुलामा यांवर होतो. त्यामुळे थोडी अधिक किंमत देऊन घेतलेली सडलेली नसलेली व पूर्ण गाडी, स्वस्तात मिळालेल्या सांगाड्यापेक्षा अखेरीस कमी खर्चाची ठरते.

खरेदीपूर्व तपासणी

ओळख: चासी क्रमांक व इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकातील क्रमांकांशी ताडून पाहावेत. क्रमांक खोडलेले असल्यास किंवा त्यांवर नव्याने ठोकल्याच्या खुणा असल्यास ती गाडी घेऊ नये. मूळ मालक हयात नसल्यास वारसांच्या नावे हस्तांतर झाले आहे का, हेही आधीच पाहावे.

पत्रा: गंज बाहेरून दिसतो त्याहून आत अधिक असतो. दारांखालील पोकळ पट्ट्या, तळपत्रा, चाकांवरील कमानी आणि सामानकप्प्याचा तळ या जागा प्रथम पाहाव्यात. कापडात गुंडाळलेले लहान चुंबक पत्र्यावरून फिरवल्यास ते जेथे चिकटत नाही तेथे पुट्टी, म्हणजे रंगाऱ्यांच्या भाषेत लांबी, जाड थराने भरलेली असते.

सांगाडा: जुन्या गाड्यांत शरीर स्वतंत्र चासीवर बसवलेले असते, तर नंतरच्या अनेक गाड्यांत शरीर आणि चासी एकसंध असतात. एकसंध रचनेत तळपत्रा सडणे म्हणजे गाडीचा कणाच कमकुवत होणे होय.

इंजिन: दीर्घकाळ बंद असलेले इंजिन स्टार्टरने फिरवण्याचा प्रयत्न करू नये. पिस्टनच्या कड्या सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असल्यास त्या मोडतात.

उदाहरण : फियाट ११००

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी तयार होऊ लागली. सुरुवातीच्या गोलसर बांध्याच्या गाडीला बोलीभाषेत ‘डुक्कर फियाट’ असे टोपणनाव पडले. या गाड्यांच्या पुढील दारांच्या बिजागऱ्या मागील बाजूस असल्याने ती दारे उलट्या दिशेने उघडत. १९६४ मध्ये ‘११०० डिलाइट’ हा प्रकार आला आणि १९७४ पासून त्याच घडणीची गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे ती घराघरांत परिचित झाली.

नवशिक्याच्या दृष्टीने या गाडीचे काही गुण उपयुक्त आहेत. तिचे १,०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे पाण्याने थंड होणारे इंजिन साधे असून त्याभोवती हात घालण्यास पुरेशी जागा असते. इंजिन पुढे आणि चालना मागील चाकांना अशी रूढ मांडणी असल्याने प्रत्येक भाग वेगळा समजून घेता येतो. टॅक्सी म्हणून दीर्घकाळ वापर झाल्यामुळे तिच्या यंत्राची जाण असलेले मेकॅनिक मुंबई-पुण्यात आजही आढळतात. दुसरीकडे, तिचे शरीर एकसंध रचनेचे असल्याने कोकणपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचा तळपत्रा विशेष काळजीने तपासावा लागतो. अनेक गाड्यांमध्ये पुढे डिझेल किंवा अन्य कंपनीचे इंजिन बसवण्यात आले. अशा गाडीचे मूळ इंजिन सोबत नसल्यास ती जीर्णोद्धारासाठी आणि पुढील नोंदणीसाठीही अडचणीची ठरते.

पूर्वतयारी

जागा: गाडी सुटी केल्यावर तिचे भाग मूळ गाडीच्या दुप्पट-तिप्पट जागा व्यापतात. छप्पर असलेली, कोरडी, पक्क्या जमिनीची जागा आणि भाग ठेवण्यासाठी मांडण्या आधीच सिद्ध ठेवाव्या लागतात. भाड्याच्या किंवा सोसायटीच्या सामाईक जागेत काम अर्धवट असताना जागा सोडावी लागली, तर गाडी प्रायः भंगारात जाते.

माहिती: त्या विशिष्ट वर्षाच्या गाडीचे दुरुस्तीपुस्तक आणि सुट्या भागांची सूची प्रथम मिळवावी. सूचीतील आकृत्यांवरून कोणता स्क्रू कोठे बसतो हे कळते व हरवलेल्या भागांची यादी करता येते.

नोंदी: प्रत्येक भाग काढण्यापूर्वी व काढल्यानंतर छायाचित्र घेणे, नट-बोल्ट जागेनुसार वेगवेगळ्या पिशव्यांत चिठ्ठीसह ठेवणे, तारांच्या दोन्ही टोकांना खुणेच्या पट्ट्या बांधणे आणि दिनांकवार वही राखणे ही पद्धत रूढ आहे. काही महिन्यांनी जोडणी करताना स्मरणशक्तीवर विसंबता येत नाही. खराब झालेला मूळ भागही काम पूर्ण होईपर्यंत टाकून देऊ नये. नवा भाग घडवताना तोच नमुना म्हणून उपयोगी पडतो.

अंदाजपत्रक: खर्चाचा अंदाज एकरकमी न करता ब्रेक, इंजिन, वीज, पत्रा, रंग, बैठका अशा विभागांत करावा. गाडी उघडल्यावर न दिसलेले दोष निघतातच, म्हणून काही रक्कम राखून ठेवणे आवश्यक असते. बहुतेक सामान्य गाड्यांच्या बाबतीत संपूर्ण जीर्णोद्धाराचा खर्च गाडीच्या बाजारभावाहून अधिक होतो. गुंतवणूक म्हणून काम हाती घेणाऱ्याची त्यामुळे निराशा होते.

कामाचा क्रम

अनुभवी कारागीर पहिल्या गाडीसाठी ‘एका वेळी एक यंत्रणा’ ही पद्धत सुचवतात. एक यंत्रणा सोडवून, दुरुस्त करून, परत बसवल्याशिवाय दुसरीला हात लावला जात नाही. त्यामुळे गाडी सदैव ढकलता येण्याजोगी राहते आणि काम थांबले तरी तिचे रूपांतर भागांच्या ढिगाऱ्यात होत नाही.

इंजिन मोकळे करणे: स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडतात व काही दिवस ते मुरू देतात. त्यानंतर हॅण्डलने किंवा पान्याने इंजिन सावकाश फिरवून पाहतात. ते फिरू लागल्यावर दाबमापकाने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असणे हे त्यांपैकी एखादा मोठा असण्यापेक्षा अधिक शुभ लक्षण मानले जाते. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी असल्यास त्यात थोडे तेल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढल्यास झीज पिस्टनच्या कड्यांत आहे असे समजते, न वाढल्यास दोष बहुधा व्हॉल्व्हचा असतो.

इंधन: टाकीतील जुने पेट्रोल डिंकासारखे चिकट झालेले असते. टाकी स्वच्छ होईपर्यंत इंजिनाची चाचणी स्वतंत्र लहान डब्यातील पेट्रोलवर घेतात. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात किंवा तडकतात. इथेनॉल ओलावा शोषत असल्याने उभ्या गाडीच्या टाकीत गंजही धरतो. म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या वापरणे आवश्यक असते. भारतात २००० सालापासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल वापरात आले. त्यापूर्वीच्या इंजिनांत शिशाच्या संयुगामुळे व्हॉल्व्हच्या बैठकीची झीज कमी होत असे. इंजिनाचे हेड काढलेच असेल, तर कठीण धातूच्या नव्या बैठका बसवून घेण्याची प्रथा आहे.

ब्रेक: इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात गाडी लगेच रस्त्यावर नेणे ही नवशिक्यांची सर्वांत धोकादायक चूक होय. १९६०च्या दशकापर्यंतच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकसाठी तेलाचा एकच मार्ग असतो. एका चाकाजवळ गळती झाली तरी सर्व ब्रेक निकामी होतात. मास्टर सिलिंडर, चाकांवरील सिलिंडर, त्यांतील रबरी वाट्या, लवचीक नळ्या आणि लायनर बदलल्याशिवाय गाडी स्वतःच्या बळावर चालवली जात नाही. दिसायला चांगले असले तरी फार जुने टायरही बदलावे लागतात, कारण रबर न वापरताही कालांतराने कडक होते.

वीज: कापडी वेष्टनाच्या जुन्या तारा ठिसूळ होऊन आगीचे कारण बनतात. काम सुरू करण्यापूर्वी गाडी ६ व्होल्टची आहे की १२ व्होल्टची आणि तिचे कोणते टोक शरीराला जोडलेले आहे, हे पाहावे लागते. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक शरीराला जोडलेले असते. बॅटरी उलटी जोडली गेल्यास डायनॅमो व इतर उपकरणांना इजा पोहोचते.

पत्रा व रंग: हे काम यंत्रणा नीट झाल्यानंतर करावे, अन्यथा नव्या रंगावर ओरखडे पडतात. सडलेला भाग कापून त्या जागी त्याच जाडीचा पत्रा जोडणे योग्य. गंजावर पुट्टी भरणे हा केवळ देखावा ठरतो. १९२०च्या दशकात सेल्युलोज रंगांचा प्रसार झाल्यावर फवाऱ्याने रंग देण्याची पद्धत रूढ झाली. त्या काळातील ‘ड्युको’ हे व्यापारी नाव भारतात फवारलेल्या रंगासाठी सामान्यनामासारखे वापरले जाऊ लागले. मूळ छटा ओळखण्यासाठी डॅशबोर्डमागील किंवा बैठकीखालील, उन्हापासून सुरक्षित राहिलेला भाग पाहतात.

सुटे भाग आणि कारागीर

मुंबईतील चोर बाजार व कुर्ला, तसेच पुण्यातील नाना पेठ व जुना बाजार ही जुने सुटे भाग शोधण्याची परिचित ठिकाणे होत. न मिळणारे भाग लेथवर घडवून घेता येतात. बिडाचे भाग कोल्हापूरसारख्या ओतकामासाठी प्रसिद्ध शहरांत ओतून घेता येतात. एकाच प्रकारची दुसरी, दुरुस्तीपलीकडची गाडी केवळ भागांसाठी विकत घेण्याचीही पद्धत आहे. मात्र त्यामुळे दुरुस्त होऊ शकणारी गाडी नष्ट होणार नाही, याची दक्षता घेणे अपेक्षित असते.

या क्षेत्रातील ज्ञान मोठ्या प्रमाणावर अलिखित आहे. कार्ब्युरेटर कानाने जुळवणारे, हातोडीने पत्र्याला वळण देणारे आणि घोड्याच्या केसांची बैठक भरणारे कारागीर कमी होत आहेत. त्यांच्या हाताखाली उभे राहून काम पाहणे हा पहिल्या जीर्णोद्धाराचा मोठा लाभ मानला जातो.

सुरक्षितता

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये; ती पक्क्या घोड्यांवर टेकवावी. रिकाम्या पेट्रोलच्या टाकीत वाफ शिल्लक राहते व वेल्डिंगच्या ठिणगीने स्फोट होतो, म्हणून ते काम तज्ज्ञाकडे सोपवावे. जुन्या ब्रेक लायनरमध्ये व क्लचपट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने तो कोरडा घासणे टाळावे. आधुनिक दोन घटकांच्या रंगांतील आयसोसायनेट श्वसनमार्गास घातक असतात. साधा कापडी मास्क त्यांपासून संरक्षण देत नाही.

भारतातील नोंदणी

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, शरीर किंवा इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने तिच्या कक्षेत येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, तर पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये ठरवण्यात आले. नव्या नोंदणी क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदणी असलेल्या वाहनाला मूळ क्रमांक कायम ठेवता येतो. अशा वाहनाचा नियमित किंवा व्यावसायिक वापर करता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच ते रस्त्यावर आणता येते.

या तरतुदीमुळे जीर्णोद्धारातील तांत्रिक निर्णयांना कायदेशीर परिणाम प्राप्त झाले आहेत. सोयीसाठी बदललेले इंजिन किंवा कापलेले शरीर यांमुळे गाडी व्हिंटेज दर्जास अपात्र ठरू शकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच नोंदणीचा मार्ग निश्चित करणे आणि जुनी कागदपत्रे, विमापत्रे व कामाची छायाचित्रे जपून ठेवणे हितावह असते. पन्नास वर्षे पूर्ण न झालेल्या खाजगी गाडीला पंधरा वर्षांनंतर योग्यता तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो.

वापर आणि निगा

जीर्णोद्धार पूर्ण झालेली गाडी उभी राहिल्याने पुन्हा बिघडते. ठराविक दिवसांनी ती पूर्ण तापेपर्यंत चालवणे, ब्रेकचे तेल ओलावा शोषत असल्याने वेळोवेळी बदलणे, दीर्घकाळ उभी ठेवताना बॅटरीची जोडणी काढणे आणि पावसाळ्यात हवा खेळती राहील असे सुती आच्छादन घालणे ही सर्वसाधारण निगा होय. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली ओलावा कोंडून गंज वाढतो. तारा व बैठका कुरतडणाऱ्या उंदरांचा बंदोबस्तही करावा लागतो.

चालत्या स्थितीतील जुन्या गाड्या सार्वजनिक जीवनातही स्थान मिळवतात. दिल्लीतील स्टेट्समन व्हिंटेज अँड क्लासिक कार रॅली १९६४ पासून परिचित आहे. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी शाही दसऱ्याच्या सोहळ्यात आजही लोकांसमोर येते. राजघराण्यातील अशा गाड्यांबरोबरच एकेकाळी सामान्य कुटुंबांच्या वा टॅक्सीचालकांच्या मालकीच्या असलेल्या गाड्याही आता वारसा म्हणून जपल्या जात आहेत. त्यांपैकी अनेक गाड्या एखाद्या हौशी व्यक्तीने हाती घेतलेल्या पहिल्याच कामातून वाचलेल्या असतात.